मामांचा एकमेव पास झालेला वाडगा

या पृथ्वीतलावर एकही वस्तू निर्दोष नाही, असं आमच्या हिचे मामा छातीठोकपणे सांगतात, आणि त्यांना तो अधिकार आहे, कारण बहुतेक सगळ्या वस्तू त्यांच्या तपासून झाल्या आहेत. एका मोटारीच्या कारखान्यात, पेंटशॉपच्या शेवटच्या टोकाला, ट्यूबलाइटच्या झगमगाटात ते पंचवीस वर्षं उभे होते. रंगवलेली गाडी समोर सरकत यायची, मामा मान तिरकी करून तिच्याकडे बघायचे, आणि जिथे धुळीचा कण किंवा रंगाचा ओघळ दिसेल तिथे लाल स्टिकर चिकटवायचे. रिटायर होताना कंपनीनं घड्याळ दिलं, तर मामांनी स्टेजवरच ते उजेडात धरून साहेबांना काचेवरचा बारीक चरा दाखवला. आमच्या लग्नात त्यांनी माझ्याकडेही अशीच मान तिरकी करून पाहिलं होतं. काय दिसलं ते मी आजवर विचारलेलं नाही.

रिटायर झाल्यावर माणसं देवाच्या नादी लागतात, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगच्या. मामा लाकडाच्या नादी लागले. दापोडीच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी एक जुना लेथ आणून बसवला आणि आंब्या-फणसाच्या ओंडक्यांतून वाडगे न् ताटल्या काढायला सुरुवात केली. ओंडका फिरत फिरत वाडगा होतो इथपर्यंत कुणालाही समजेल, पण मामांचं खरं काम त्यापुढे. वाडग्याची कड ते इतकी पातळ करतात की बल्बसमोर धरली तर लाकडातून उजेड झिरपतो. मग दाताच्या डॉक्टरकडून मागून आणलेल्या ड्रिलनं त्या कडेला नक्षीची जाळी पाडतात. ड्रिल सुरू झालं की शेजारच्या आजोबांचा हात आपोआप गालावर जातो. जाळी झाली की एअरब्रश, म्हणजे पेनाएवढी पिचकारी, आणि तिच्यातून निघणारं रंगाचं धुकं. त्या दिवशी घरात फोडणीला बंदी असते, कारण तेलाचा अंश रंगावर बसला तर म्हणे खड्डे पडतात. मामी निमूट दहीभात करतात. केसांना तेल लावून आलेल्या माणसाला मामा शेडच्या दारातूनच परत पाठवतात. एकदा आमच्या घरमालकांना पाठवलं होतं, तेव्हा आम्ही भाड्यानं राहायचो.

एवढं करून एकही वाडगा पास व्हायचा नाही. मामा तो खिडकीत धरणार, मान तिरकी करणार, कुणालाही न दिसणारा दोष शोधणार आणि लाल स्टिकर मारून स्वयंपाकघरात ढकलणार. मामी त्यांत कांदे, लसूण, कपड्यांचे चिमटे असं काय काय ठेवतात. एवढ्या देखण्या भांड्यांतले कांदे उभ्या दापोडीत कुणाकडे नसतील.

गेल्या वर्षी आम्ही वाकडला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला मामा आले ते छातीशी एक खोकं धरून. आत वाडगा, आणि त्याच्या बुडाला चक्क हिरवा स्टिकर. "जावईबापू, आयुष्यातला पहिला," मामा म्हणाले. "खंड्याच्या पाठीचा निळा. कडेपासून विरत विरत लाकडात गेलाय, बघा." आम्ही बघितलं. जाळी अशी, की नजर हटू नये. आणि रंग असा, की धुण्याच्या बादलीत निळीची अख्खी बाटली उपडी झाली असावी. विरणं वगैरे काही नव्हतं, तळापर्यंत सगळं निळंशार. मामींनी मागून माझा शर्ट ओढला. मी म्हणालो, "मामा, एक नंबर." मामांचे डोळे भरून आले.

नंतर मामींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मोतीबिंदू हाय दोन्ही डोळ्यांत. निळं त्यास्नी फिकं दिसतंय, म्हणून मारतच बसले. डॉक्टरकडं चला म्हटलं, तर म्हणत्यात, आधी त्यांच्या दवाखान्याच्या भिंती नीट रंगवायला सांग. आमी काय बोलायचं?"

शेवटी मामींनी त्यांना नेलंच. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि महिन्याभरात मामांचा फोन आला, रविवारी वाडगा बघायला येतो. माझी पाचावर धारण बसली. मी म्हटलं, माळ्यावर टाकू, फुटला म्हणून सांगू. ही म्हणाली, "एकदा खोटं बोलून झालंय तेवढं बस की." मामा आले ते चपला काढून थेट वाडग्याकडे. तो घेऊन बाल्कनीत गेले, उजेडात धरला आणि मान तिरकी केली.

"तुम्हाला हा पहिल्या दिवसापासून असाच दिसत होता?"

"हो, मामा."

"आणि तुम्ही एक नंबर म्हणालात."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या लाइनवर दोष नजरेतून सुटला तर एक वेळ माफी होती, पण दिसूनही पुढे सोडला तर नव्हती, हे मला माहीत होतं. मामांनी हिरवा स्टिकर नखानं खरवडून काढला आणि खिशात ठेवला. वाडगा घासून परत रंगवायला न्यायचा म्हणत होते, पण हिनं तो पोटाशी धरला. "मामा, हा माझा आहे. निळाच राहू दे." मामा चहा पिऊन गेले. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

पण माणूस डूख धरणारा नाही. पंधरा दिवसांनी त्यांनीच बोलावलं. आता प्रत्येक वाडगा आधी मी तपासायचा आणि जे दिसेल ते तोंडावर सांगायचं. मी दर रविवारी कोरड्या केसांनी दापोडीला जातो. कधी ओघळ सापडतो, कधी जाळीत अडकलेला भुसा. मी दोष सांगितला की मामा खूश होतात आणि मामींना चहा टाकायला सांगतात.

मागच्या रविवारी त्यांनी फणसाची एक ताटली हातात दिली. कडेला चिंचेच्या पाल्याची जाळी, आणि मधला हळदीसारखा पिवळा रंग कडेकडे जाताना कधी हिरवा होतो ते कळत नव्हतं. मी ती खिडकीत धरली, बल्बखाली धरली, मान तिरकी केली. काहीही सापडेना.

"मामा, हिच्यात काही नाही. पास."

"नीट बघा."

"बघितलं. देवाशप्पथ काही नाही."

मामांनी ताटली माझ्या हातातून काढून घेतली आणि माझ्या पाठीवर थोपटलं. "जावईबापू, तुम्ही फार चांगले आहात हो. मला बरं वाटावं म्हणून बोलता." आणि त्यांनी ती कांद्यांकडे पाठवून दिली. मामी बाहेर येऊन म्हणाल्या, "अवो, खरंच झ्याक झालीया." मामींचंही त्यांना पटलं नाही. मी शेडच्या दारात उभा राहून पुन्हा पुन्हा सांगत होतो, मामा, या वेळी मी खरं बोलतोय, आणि मामा हसत मान डोलावत पुढचा ओंडका लेथवर चढवत होते.