मॉस्कोला न गेलेली नोबुए

नोबुए हिरानुमा एकोणीसशे ब्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी उतरली, तेव्हा तिच्या उजव्या गुडघ्याला जाड पट्टा होता आणि इंग्रजी जेमतेम दुकानात भागेल एवढंच होतं. विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेने तिचा खेळ जपानमध्ये पाहिला होता. क्रीडाशिक्षणाचा अभ्यास कर आणि सोबत जवळच्या एका छोट्या कॉलेजच्या मुलींना शिकव, असं त्यांनी कळवलं, आणि नोबुए आली. तिकडे तिच्यासाठी काही उरलंच नव्हतं.

जपानच्या उत्तरेला, समुद्रकाठी मासे वाळवणाऱ्यांच्या घरात तिचा जन्म. अंगाने उंच म्हणून शाळेने तिला व्हॉलीबॉलमध्ये घातलं आणि शाळा संपायच्या आतच एका कापडगिरणीच्या टीमने उचललं. सकाळी गिरणीत कापड तपासायचं, दुपारी जेवण झालं की मैदान. ती सेटर होती. नेटजवळ उभं राहून दुसरीच्या हाताजोगा चेंडू वर उचलून द्यायचा, आणि टाळ्या त्या दुसरीला. नोबुएला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. टीमचे कोच साकामाकी. त्यांना सगळ्या सेन्सेई, म्हणजे गुरुजी म्हणत. चेंडूसाठी जमिनीवर झेपावून पोरी आडव्या पडत, तरी ते पुढचा चेंडू फेकतच. ऐंशी साली ती राष्ट्रीय संघात निवडली गेली तेव्हा वडिलांनी अख्ख्या आळीला मासे वाटले.

मग रशियाचं सैन्य अफगाणिस्तानात शिरल्याचं निमित्त झालं. अमेरिकेने मॉस्कोच्या ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला आणि जपानही मागोमाग गेला. सरावाच्या मधोमध सेन्सेईंनी सगळ्यांना गोल बसवून ते सांगितलं आणि सराव पुढे चालू केला. वर्षभरात गुडघा गेला. गिरणीने तिला ऑफिसात पाहुण्यांना चहा द्यायला बसवलं. घरून लग्नाचं विचारू लागले.

"मग याच देशात कशाला आलीस?" कमलाने एकदा विचारलं.

"बोलावलं याच देशाने," नोबुए म्हणाली.

कमला मेश्राम नागपूरची. शेतजमिनीच्या मातीवर पीएच.डी. करत होती आणि भाडं परवडावं म्हणून दोघी एका अपार्टमेंटमध्ये राहत होत्या. पहिल्याच आठवड्यात कमलाच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोशेजारी बुद्धाची मूर्ती पाहून नोबुए दारातच थबकली.

"तुमच्यातही?"

"आईबाबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. तुमच्याकडे किती पिढ्या?"

"कुणी मोजल्या नाहीत. आम्ही देवळात जातो ते कुणी गेलं की."

"आणि आम्ही बुद्धाकडे गेलो ते जगता यावं म्हणून," कमला म्हणाली, आणि भात उतू चालला म्हणून स्वयंपाकघरात पळाली.

कॉलेजच्या मुलींना नोबुएने तसंच शिकवायला घेतलं जसं ती शिकली होती. दुसरं तिला ठाऊकच नव्हतं. पहिल्या वर्षी दोघीतिघी सोडून गेल्या, राहिल्या त्या मात्र जिंकायला लागल्या. मुख्य कोच मिसेस ड्वायर खूश होत्या. दुसऱ्या वर्षी लोरेन नावाची एक मुलगी आली. कोळशाच्या खाणीतल्या कामगाराची पोर, बोलायला कमी आणि चेंडूवर तुटून पडणारी. नोबुएला ती फार आवडायची, म्हणून सगळ्यांत जास्त चेंडू तिच्यावरच फेकले जायचे.

त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात लोरेन म्हणाली, "कोच, मनगट दुखतंय."

"दुखणारच. चेंडू घे."

ती आठवडाभर खेळली. मग एका सामन्यात पडली आणि उठलीच नाही. हॉस्पिटलात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. हाड आठवड्यापूर्वीच मोडलं होतं, त्यावर खेळल्यामुळे ते सरकलं होतं. लोरेनचे वडील बाकावरून उठले. मोठा माणूस, पण आवाज चढवला नाही. "तिने तुम्हाला सांगितलं होतं," एवढंच म्हणाले.

नोबुएने कमरेतून खोल वाकून माफी मागितली. वर पाहिलं तेव्हा ते निघून गेले होते.

लोरेनच्या मनगटाचं ऑपरेशन झालं. पुढे ती पुन्हा कधी खेळली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात एका सकाळी जपानहून फोन आला. नोबुए 'हाय, हाय', म्हणजे हो, हो, करत ऐकत राहिली, फोन ठेवला आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. कमला बूट चढवत होती.

"काय झालं गं?"

"सेन्सेई गेले."

कमलाने बूट काढले. बस गेली तर गेली. चहा करून तिने कप नोबुएच्या हातात दिला.

"मला रडू येत नाहीये," नोबुए म्हणाली. "बापासारखे होते. पहिल्या वर्षी मला ताप भरला तेव्हा रात्रभर उशाशी बसले होते. आणि गुडघ्यात पहिल्यांदा कळ आली तेव्हाही मी त्यांनाच सांगितलं. तेव्हा ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. चेंडू फेकत होते."

"कधी बोलली नाहीस."

"ते चुकीचं होतं हे मलाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी लोरेनचे वडील बोलले तेव्हा कळलं."

जायचं म्हटलं तर तिकिटापुरते पैसे नव्हते, आणि परीक्षा तोंडावर होती. कमलाने मूर्तीपुढे मेणबत्ती लावली. "ये. तुला येतं ते तू म्हण, मला येतं ते मी म्हणते." कमलाने त्रिशरण, पंचशील म्हटलं. नोबुए आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत राहिली. दोघींचे शब्द निराळे, चाल निराळी, पण बुद्धाचं नाव अधूनमधून कानाला जवळजवळ एकच लागत होतं. अशाच एका जागी नोबुएचा आवाज फुटला. मग ती रडली ती थांबेचना. कमलाने तिला थांबवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक आलं. दोघींनी विद्यार्थ्यांच्या हॉलमधल्या टीव्हीवर सामने पाहिले. जपान चीनकडून हरला, मग पेरूला हरवून तिसरा आला. सेटरच्या जागी खेळणारी मुलगी नोबुएपेक्षा लहान होती. पदकं गळ्यात पडत असताना त्या मुलीच्या बोटांवरच्या पट्ट्या दिसत होत्या.

"मनात काय चाललंय?" कमलाने विचारलं.

नोबुए पडद्यावरून नजर न हटवता म्हणाली, "तिची बोटं कुणी बघितली असतील का, एवढंच."

शहाऐंशी साली कमला पदवी घेऊन नागपूरला परतली. नोबुए राहिली. त्या वर्षी तिची टीम विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचली. सामन्याच्या दिवशी सकाळच्या सरावात टेरी नावाच्या सेटरचा घोटा मुरगळला. टेरीने तो घट्ट बांधला, हसून दाखवलं, उड्या मारून दाखवल्या. नोबुएने खाली बसून तिचा पाय हातात घेतला आणि घोट्यावर अंगठा दाबला. टेरीचा श्वास अडकला.

"तू बसायचंस."

"कोच, हे माझं शेवटचं वर्ष आहे! प्लीज!"

"ठाऊक आहे मला."

मिसेस ड्वायर बाजूला घेऊन म्हणाल्या, "नोबुए, पोरीला स्वतःला खेळायचंय. दुसरी सेटर अजून कच्ची आहे, हरू आपण."

"हरू," नोबुए म्हणाली. "खेळवायची असेल तर मला घरी पाठवा."

मिसेस ड्वायरनी यादीतून टेरीचं नाव खोडलं. टीम हरली. शेवटचा सेट अगदी थोडक्यात गेला. कच्च्या सेटरने उचललेला चेंडू नेटला लागून आपल्याच बाजूला पडला, आणि पलीकडच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

परतीच्या बसमध्ये टेरी सगळ्यांत मागे, खिडकीकडे तोंड करून बसली. नोबुए बर्फाची पिशवी घेऊन, दुखऱ्या गुडघ्यामुळे हळूहळू, सीटांना धरत मागे गेली आणि तिच्या शेजारी बसली.

"मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही," टेरी म्हणाली.

"चालेल," नोबुए म्हणाली. "पाय वर घे."

टेरी बराच वेळ हलली नाही. बस डोंगर उतरू लागली तेव्हा तिने पाय उचलून नोबुएच्या मांडीवर ठेवला, तोंड मात्र खिडकीकडेच. नोबुएने बर्फाची पिशवी घोट्यावर धरली आणि गाव येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.