चुलीमागच्या भिंतीवरचं बी

मुलांना खेळातून शिकवावं, हे मला कुणी पटवून द्यायची गरज नव्हती. पटवायचं होतं ते गावाला. जोयडा तालुक्यात, गणेशगुडीच्या रस्त्यावरून आत, ओढा ओलांडून चढ चढलं की आमची अंगणवाडी लागते. मी रामनगरहून सकाळच्या बसनं यायची, फाट्यावर उतरून अर्धा तास चालायची आणि दारात पोचेपर्यंत कुणीतरी आई विचारायचीच, आज लिवायला शिकवणार का नुसतंच खेळवणार. खेळायला काय, आमच्या कोंबड्याबी दिवसभर खेळतात, असं एकीनं मला तोंडावर सुनावलं होतं. मी हसून वेळ मारून न्यायची आणि मग दिवसभर मनातल्या मनात तिच्याशी भांडत बसायची. माझा स्वभाव मुळातच तापट, आणि खेळाच्या बाबतीत तर मी कुणाचंच ऐकून घ्यायची नाही.

खात्याकडून खेळण्यांची एक पेटी आली होती. त्यात प्लास्टिकची फळं होती. सफरचंद, द्राक्षं आणि कुणीच कधी न पाहिलेलं एक लाल, टोकदार फळ. पोरांनी ती हुंगली, एकदोघांनी चावून पाहिली आणि कोपऱ्यात भिरकावली. मी पेटी माळ्यावर टाकली आणि भोवताली जे मिळेल ते गोळा करायला लागले. रिठे, चिंचोके, करवंट्या, बांबूची कांडकी, गारंबीच्या हातभर लांब शेंगांतल्या चपट्या बिया. करवंटीनं पाणी मापायचं, डोळे झाकून वासावरून पान ओळखायचं, रिठ्यांचे ढीग करून मोजायचे. मोजणी न चुकता पुरी झाली की सगळ्यांनी एकदम चप्पाळे द्यायचे. चप्पाळे म्हणजे टाळ्या. शब्द कानडी, पण आमच्या पोरांच्या तोंडी तोच बसलेला. हा नियम माझा, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती, सहाला टेकलेली. ती बोलत नसे. मुकी नव्हती. घरी वासरांशी, आईशी भरपूर बोलते, असं आमची मदतनीस सांगायची. ही मदतनीस त्याच गावची, वयानं मोठी, स्वयंपाक करणारी. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. मुलगी मात्र माझ्या दारात पाऊल टाकलं की ओठ मिटून घ्यायची. जूनमध्ये तिला पहिलीत जायचं होतं. तिथं एकाच खोलीत चार इयत्ता, एकच मास्तर. न बोलणारं पोर तिथं मागच्या भिंतीला टेकून बसतं आणि वर्षं अशीच सरतात. असली दोन पोरं मी पाहिली होती, दोन्ही माझ्याच हाताखालून गेलेली. ही तिसरी होऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. रात्री भाकरी थापताना माझं हेच चालायचं. नवरा म्हणायचा, तुला पगार अंगणवाडीचा आणि काळजी कलेक्टरची.

अकरा महिने ती गप्प होती. मग फेब्रुवारीत एक दिवस रिठे मोजताना शेजारचा मुलगा चारावर अडला आणि हिनं, जमिनीकडं बघतच, "पाच" म्हटलं. मी मोठ्यानं चप्पाळे द्यायला लावले. तिनं मान वर केली नाही, पण कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी तिनं सातपर्यंत मोजलं. तिसऱ्या दिवशी, चप्पाळे थांबल्यावर, ती चक्क माझ्या तोंडाकडं बघत राहिली. अजून एकदा वाजवा, असं त्या डोळ्यांत होतं. मी वाजवले. मला वाटलं, जमलं.

त्याच आठवड्यात खात्याच्या सुपरवायझर बाईंकडून बालमेळ्याची सूचना आली. परिसरातलं साहित्य वापरून मुलांकडून काहीतरी करून घ्या आणि फोटो पाठवा. मावशी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. ती असती तर पुढचं काही घडलंच नसतं, असं मी पुष्कळ दिवस म्हणत होते. खरं तर घडवणारी मीच. मी पुठ्ठ्यावर मोठा मासा काढला आणि मुलांना सांगितलं, उद्या घरून बिया आणा, घरात जिथं दिसतील तिथून, आणि जो जास्त आणेल त्याला जास्त चप्पाळे.

माझं माहेर खानापूरकडचं, सासर रामनगरचं, घरचं दुकान. आमच्याकडं बी म्हणजे पाकीट. वर चित्र, खाली किंमत. पेरून उरलं तर फेकायचं. त्यामुळं दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मूठमूठ चिंचोके आणले आणि या मुलीनं झग्याचा ओचा भरून तवशाच्या बिया आणल्या, तेव्हा मला नुसता आनंद झाला. तवसं म्हणजे आमच्याकडची पावसाळी मोठी काकडी. बियांना राख लागली होती, शेणाचे पोपडे चिकटले होते. मी त्या बादलीत टाकून स्वच्छ धुतल्या. माशाचं अंग खवल्याखवल्यांनी भरलं. अंगणवाडीच्या दाराला दिलेला निळा तेलरंग उरला होता, तो वरून मारला. मग तिला सगळ्यांपुढं उभी केली आणि हात दुखेपर्यंत चप्पाळे दिले. ती हसली. फोटो काढून मी नेटवर्कसाठी टेकाडावर चढले. सुपरवायझर बाईंचं उत्तर आलं, फार छान, सगळ्यांनी असं करा.

तीन दिवसांनी तिची आई आली. दाराबाहेरच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. तिची नजर भिंतीवरच्या माशावर होती. मी उत्साहानं सांगायला लागले, तुमची मुलगी आता मोजते, बोलते. तिनं मला बोलू दिलं.

"बाई, त्ये आमचं पेरायचं बी हाय," ती म्हणाली. "सासूनं मरायच्या आदी माझ्या हातात दिल्यालं. चुलीमागची भित्त कवाच रिकामी ऱ्हायली न्हवती."

मला तेव्हा कळलं. तिथं पिकल्या तवशाचं बी काढून, शेण-राखेत कालवून, चुलीमागच्या भिंतीवर थापून ठेवतात. धुरानं त्याला कीड लागत नाही. पाऊस जवळ आला की घरातली बाई ते स्वतःच्या हातानं उतरवते. तोवर त्या भिंतीला कुणी हात लावत नाही, भांडी घासणारी सूनसुद्धा. पोरीनं तो थर खुरप्यानं खरवडून काढला होता, आई रानात गेलेली असताना. मी म्हणाले होते ना, घरात दिसेल तिथून.

मी माफी मागितली. पाकिटातलं उत्तम बी आणून देते म्हणाले.

"तिला मारलं न्हाई म्या. बाईनं आणाय सांगितलं, आसं म्हणाली. मग काय मारायचं?" एवढं बोलून ती वळली आणि मुलीचा हात धरून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. पुढच्या सोमवारीही नाही.

मावशी परत आली, तिनं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाली, बाई, तुम्ही शिकल्यासवरलेल्या, भिंतीवरचं बी कुणी काढतं काय. मग हळूच म्हणाली की मुलगी आता घरीही बोलत नाही. वासराशीही नाही. आईबरोबर रानात जाते, बांधावर बसते, बोलावलं तर येते, एवढंच.

मी तिच्या घरी खेपा घालायला लागले. अंगणवाडी सुटली की चढ चढायचा, अंगणात बसायचं, ताक प्यायचं, परत यायचं. उशीर झाला की बस चुकायची आणि मग रामनगरकडं जाणारं कुठलंतरी वाहन गाठायचं. दुकानातलं सगळ्यात महागडं पाकीट नेलं. आईनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि न फोडता वळचणीला खोवलं. "कडू निगालं तर कुणाला इचारू?" एवढंच म्हणाली. रिठे नेले, मुलीपुढं ओतले. तिनं ते पुन्हा पिशवीत भरून माझ्या हातात दिले, एकही न मोजता. मी एकदा तिथंच रडले. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिला माझा राग यावा, तर तोही येत नव्हता, आणि ते मला जास्त लागायचं.

मे उजाडला. सुपरवायझर बाईंनी फोनवर पहिलीला जाणाऱ्या मुलांची यादी मागितली. मी तिचं नाव घातलं, खोडलं, पुन्हा घातलं. त्या दुपारी मुलं गेल्यावर मी मासा भिंतीवरून काढला. गरम पाण्यात भिजवला. डिंक सुटला, रंग सुटेना. सुरीनं खरवडायला गेले तर बिया फुटायला लागल्या. मग मी रंगाच्या डब्याशेजारची थिनरची बाटली उघडली आणि फडक्यानं एकेक बी पुसत बसले. घाईनं, वेड्यासारखी. मावशी भांडी आवरत होती. वास आला तशी ती बाहेर आली, माझ्याकडं बघितलं आणि परत आत गेली. तिन्हीसांजेपर्यंत शाबूत अशा अठरा बिया निघाल्या. बाकीच्या फुटल्या.

दुसऱ्या दिवशी त्या घेऊन गेले. आईनं तळहातावर पसरल्या, नाकाशी नेल्या. त्या मेल्यात हे तिला तिथंच कळलं असणार. पण तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि आतून ओलं फडकं आणलं. बिया त्यात बांधल्या, पुरचुंडी चुलीच्या उबेला ठेवली.

"चार दिसांनी या," ती म्हणाली. "मोड आला तर धाडते पोरीला."

ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मी देवाला नवस बोलणारी बाई नाही, पण बोलले. दुकानात गिऱ्हाईकाला साखरेऐवजी मीठ दिलं. मनात सारखं येई, एक तरी उगवू दे, एकानं भागेल, तवशाचा एक वेल मांडव भरून टाकतो. आणि लगेच थिनरचा वास आठवायचा.

चौथ्या दिवशी गेले तेव्हा ती वाटच बघत होती. मुलगी उंबऱ्याशी बसलेली. आईनं पुरचुंडी आणून माझ्यापुढं जमिनीवर ठेवली आणि गाठ सोडली. बिया फुगल्या होत्या, कडा काळपट पडल्या होत्या, बोटाला बुळबुळीत लागत होत्या. मोड एकालाही नव्हता. आईनं एक दाबून पाहिली. आतून पाणी आलं.

मला उठून जायला हवं होतं. मी त्या फडक्याकडं बघत बसले.

मुलगी सरकत पुढं आली. आम्ही वर्गात बसायचो तशी मांडी घालून फडक्यापुढं बसली आणि बोटानं एकेक बी बाजूला सारायला लागली. "येक," ती म्हणाली. आवाज घोगरा, बरेच दिवस न वापरलेला. "दोन. तीन." दहा झाले. तिला दहाच्या पुढं मी कधी शिकवलंच नव्हतं. अकरा, बारा तिनं मोठ्या मुलांकडून ऐकत उचलले असणार, मागे बसून, गप्प राहून. एकही न चुकवता ती सतरापर्यंत आली आणि थांबली. फडकं मोकळं झालं होतं.

मी बियांचा आकडा सांगितला नाही. सांगवलाच नाही.

तिच्या आईनं फडक्याची दुमड उलगडली. तिथं एक बी चिकटून राहिलं होतं. तिनं ते नखानं काढलं आणि लेकीपुढं ठेवलं. "ह्ये ऱ्हायलं," ती म्हणाली.

"अठरा," मुलगी म्हणाली, आणि मान वर करून माझ्याकडं बघायला लागली. मोजणी पुरी झाली होती. ती चप्पाळ्यांची वाट बघत होती.

मी आईकडं पाहिलं. ती त्या कुजलेल्या बिया एका बाजूला गोळा करत होती. मी हात उचलले आणि टाळ्या वाजवल्या, एकटीनंच, जमेल तितका वेळ.