बिमलामावशींच्या बहिणीची गोधडी

मागच्या वर्षी, फेब्रुवारीचा दुसरा शनिवार, अंदमानातलं नील बेट. हजर: मी, माझे यजमान सुधाकर आणि एक गोधडी. त्या दिवशी मी काय केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुधाकरनाही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

गोधडी शेजारच्या बिमलामावशींची. आता त्या मुलाकडे चंद्रपुरात असतात, आमच्या भिंतीला लागून. मूळच्या मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतल्या. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना सरकारनं जमिनी वाटल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला गडचिरोलीचं जंगल आलं, धाकट्या बहिणीच्या सासरला हे बेट. तेव्हापासून भेट नाही. आम्ही तिकडे निघालोय हे कळल्यावर मावशींनी जुन्या साड्यांची गोधडी शिवली, पत्ता लिहून आणला. "तूच दे, बेटी. हातात दे."

मला ती तेव्हाच नको होती. स्वस्तातलं विमान, मोजकं सामान, आणि सगळी आखणी माझी — सरकारी बोट, पंख्याची खोली, खोलीवरच वरणभात. गोधडीपायी मी छोटा कुकर घरी ठेवला. त्यावरून आमचं नागपूरपासूनच वाजलं होतं. बेटावर पोचेपर्यंत आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

नीलला एकच दिवस. परतीच्या बोटीआधी प्रवाळ पाहायचं की मावशींची बहीण? जेट्टीवर, चारचौघांत, भांडलो.

"काऊन एवढी तणतण करून राह्यली? इथीच तं आहे घर."

"मंग तुमीच न्या ना! सारं मीच करू काय?"

"तुले माणसाईपेक्षा टाईमटेबल प्यारं आहे."

बोटीच्या रांगेतली एक बाई हसली. मी गोधडी ओढून घेतली. "तुमी लाइनीत राहा. मी देऊन येते."

भाजीवाल्याला पत्ता दाखवला. त्यानं बोट केलं — सुपारीच्या झाडांमागे, निळं छप्पर. दिसत होतं. हे नीट ऐका, दिसत होतं. मी गेले नाही. बाजारामागच्या बाकावर बसले, चहा घेतला. मनात काय होतं? मावशी नव्हत्या, त्यांची बहीण नव्हती. या माणसाच्या म्हणण्यावरून मी एक पाऊल टाकणार नाही — एवढंच होतं. मग गोधडी बाकावर ठेवली आणि उठले.

"देल्ली?" सुधाकरनी विचारलं.

"देल्ली."

घरी येऊन तेवढ्यावर थांबले असते तर? नाही थांबले. मावशींना म्हटलं, बहिणीनं टाके पाहूनच ओळखलं, गोधडीत तोंड लपवून रडली. मावशी माझ्यासमोर रडल्या. मी त्यांना पाणी दिलं.

पावसाळ्यात बहिणीच्या नातवानं मुलचेऱ्याच्या नातलगांकडून नंबर मिळवून मावशींच्या मुलाच्या मोबाइलवर फोन लावला. मावशी तो घेऊन आमच्याकडेच धावत आल्या; मलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. आधी दोघी नुसत्या रडल्या. मग मावशींनी गोधडीचं विचारलं. तेवढं बंगाली मला कळतं — बहीण म्हणाली, कसली गोधडी? कुणी आलंच नाही.

मावशी माझ्याकडे वळल्या. "तू हातात दिली ना, बेटी?"

"देल्ली म्हंजे?" सुधाकरच बोलले. "मी तिथीच तं होतो, मावशी. हे सोता गेली होती."

मी होकारार्थी मान हलवली.

"झूठी!" मावशी ओरडल्या. मला नाही, बहिणीला. "माझ्या बेटीला चोर म्हणते?" आणि फोन बंद केला.

त्यानंतर बहिणीचे फोन येत राहिले. मावशी घेत नाहीत, मुलाला घेऊ देत नाहीत. गल्लीत सांगतात, बहीण असून बेइमान निघाली, त्यापेक्षा शेजारीण बरी. मला कधीकधी मावशींचाच राग येतो. इतका विश्वास टाकायला यांना कुणी सांगितलं होतं? — पाहा, अजूनही मी दुसऱ्यावरच चिडते.

त्या दिवशी थकले होते, भांडण झालं होतं, बोट सुटेल अशी भीती होती. यातलं एकही मी कारण म्हणून पुढे करत नाही. छप्पर दिसत होतं.

आजची कामं झाली. सिलिंडर नोंदवला, कुलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या, सासूबाईंच्या गोळ्या आणल्या. भिंतीपलीकडे मावशी तांदूळ पाखडतायत, सुपाचा आवाज इथवर येतोय. त्यांच्याकडे जाऊन सांगायचं, तेवढं राहिलंय.