बारावा आवाज

तापलेल्या चुनखडीचा तिखट वास आला की धरमपुरीकडची ती खाण आठवते. अभियंता म्हणून माझा पहिलाच आठवडा. एकेक सुरुंग उडताना आवाज मोजायचे आणि सगळे झाल्यावरच मजुरांना आत सोडणारा सायरन द्यायचा, ही तिथली रीत. “मॅडमजी, बारा पूरे झाले. द्या सायरन, मजूर भिया लोग उन्हात उभे आहेत,” फोरमन म्हणाला. कवितेच्या ओळीत मात्रा कमी पडावी तसा एक आवाज माझ्या कानाला कमी पडला होता. “अकराच झाले,” मी म्हणाले. “कॉलेजात गिनती शिकवतात वाटतं!” सगळे हसले. सायरनची किल्ली मी मुठीतून सोडली नाही. तासाभराने न फुटलेला सुरुंग फोरमनलाच सापडला. त्याने आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. आज त्या खाणीची मी व्यवस्थापक आहे, आणि सायरनआधी सर्वांत नव्या अभियंत्याला विचारते, “तुम्ही किती ऐकलेत?”