सरळ नळी आणि माळ्यावरचे बोंबील

त्या यंत्राचं पुस्तकी नाव उच्चारताना जीभ अडखळायची, म्हणून आम्ही त्याला नुसतं ‘नळी’ म्हणायचो. साठ सालानंतरची ही गोष्ट. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत मी मदतनीस होतो आणि महिन्यातून एकदा नरपडला, समुद्रकाठच्या आमच्या गावी, आईकडे यायचो. पदार्थातले रेणू वजनाप्रमाणे वेगळे करून दाखवणारी दोन यंत्रं आमच्याकडे होती. एक परदेशातून आलेलं, भल्यामोठ्या चुंबकाचं. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं, जसं काही देवघरच! दुसरं आमच्या साहेबांनी स्वतः जुळवलेलं, कोपऱ्यात पडलेलं. माणसाच्या उंचीची धातूची सरळ नळी. चुंबक नाही, काही नाही. येणारेजाणारे तिला हसायचे आणि माझं डोकं फिरायचं.

आईनं एकदा विचारलं, तुझं ते यंत्र करतं काय? मी म्हटलं, “रेणूंना विजेचा भार देतो आणि सगळ्यांना एकदम सारखाच धक्का. समज, तुम्ही बायका मासळीच्या पाट्या घेऊन किनाऱ्यावरून एकदम निघालात. हलक्या पाटीवाली बाजारात आधी पोचणार, जड पाटीवाली मागून. कोण केव्हा पोचली त्यावरून पाटीचं वजन कळतं.”

“आणि जी वाटेत गप्पा मारत उभी राहिली ती?” आई म्हणाली.

हे मी साहेबांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. “तुझ्या आईनं नळीचं दुखणं बरोबर ओळखलं,” म्हणाले. सगळे रेणू एका जागेवरून, एका क्षणी निघत नाहीत, म्हणून पडद्यावर टोकदार शिखरांऐवजी पसरट उंचवटे दिसतात. चुंबकवालं यंत्र बारीक फरक दाखवायचं, पण एकेक वजन सावकाश चाचपत जायचं. नळी सगळे रेणू एका दमात दाखवायची. साहेब म्हणायचे, “हिच्यात खोट नाही रे. हिचा वेग टिपणारा डोळा अजून आपल्याकडे नाही.”

आई सुके बोंबील घेऊन तलासरीच्या आठवडेबाजाराला जायची. तिथं पैशांपेक्षा भाताचा व्यवहार जास्त; पाटीभर बोंबील द्यायचे, त्याच पाटीनं भात घ्यायचा. डोंगराकडच्या एका गावातली एक शेतकरीण तिची वर्षानुवर्षांची गिऱ्हाईक, खरं तर मैत्रीणच. त्या वर्षी तिच्या घरी पोरांना उलट्या झाल्या. पोरं बरी झाली, पण बाजारात बोभाटा झाला की नरपडवालीच्या बोंबलाला औषधाचा वास येतो. आईची पाटी दोन बाजार भरलेलीच परत आली. तीस वर्षं त्या एका जागेवर बसणारी बाई! ती रडली नाही, पण जेवेनाशी झाली.

मी म्हटलं, “मला थोडे बोंबील दे. आमचं यंत्र सांगेल काय ते.” तिनं केळीच्या पानात बांधून दिले. औषधाचा वास म्हटल्यावर साहेबांना संशय आला तो हिवतापवाले डासांसाठी घरोघर फवारतात त्या पावडरीचा; आधी त्यांनी तीच नळीत घालून तिचा उंचवटा कुठं येतो ते पाहिलं. मग बोंबलाचा अर्क घातला. त्या जागी काहीच नाही, सपाट! मी नाचायचाच बाकी होतो. आईचीही लाज राखली आणि नळीचीही.

पुढच्या बाजाराला मी रजा काढून आईबरोबर तलासरीला गेलो. शर्ट-पँट घालून बाजारात उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं, की मुंबईच्या यंत्रात तपासलंय, या मासळीत काही नाही. शिकलेल्या माणसाचा शब्द! पाटी तासाभरात रिकामी झाली. त्या मैत्रिणीनं तर दुप्पट घेतले. आई मान ताठ करून एस्टीत बसली.

गाडी थोडी पुढं गेली तसं तिनं विचारलं, “काय रे, तुझ्या साहेबांना आवडले का बोंबील?”

“आवडले म्हणजे?”

“म्हणजे काय! चांगले निवडून दिले होते. दोरीवरचे, ताजे सुकवलेले. साहेबाच्या घरी कुणी माळ्यावरचे देतं का?”

मी विचारलं, “आणि आज विकलेस ते?”

“ते माळ्यावरचे.”

मग एकेक कळत गेलं. हिवतापवाले घर फवारायला आले तेव्हा तिनं भात बाहेर काढला, पाण्याचे हंडे काढले; बोंबलांचे भारे मात्र माळ्यावरच राहू दिले. किडे मरतील, सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला वाटलं. कुणाला मासळी पाठवायची तर घरातली उत्तम पाठवायची, ही आमच्याकडची रीत. मी तिला ‘कुठले दे’ हे सांगितलंच नव्हतं. मीच कसला शहाणा!

मी गाडी थांबवली. आई माझ्याआधी उतरली आणि तरातरा बाजाराकडे चालू लागली. मी म्हटलं, मी सांगतो. ती म्हणाली, “तू मघाशी बोललास तेवढं पुरे.” बाजाराच्या मधोमध उभी राहून ती ओरडली, “बायांनो, माझे बोंबील खाऊ नका! परत द्या, तुमचा भात घेऊन जा!” शिव्या बसल्या. तिनं खाली मान घालून ऐकून घेतल्या. मैत्रीण घरी निघून गेली होती. तिच्या गावापर्यंत आम्ही चालत गेलो. चूल पेटली होती, पण बोंबील अजून टांगलेलेच होते. आईनं ते उतरवून घेतले आणि माळ्यावरचे कुठले, दोरीवरचे कुठले, सगळं तिला सांगितलं.

माळ्यावरचे बोंबील मी नळीत घातले. पसरट का होईना, उंचवटा आला, नेमका त्या पावडरीच्या जागी. पोरांना उलट्या त्यानंच झाल्या का, ते काही नळी सांगू शकत नव्हती. वर्षभरात ती भंगारात गेली. आज त्याच सरळ नळ्या, तो वेगवान डोळा मिळाल्यावर, इस्पितळांत मिनिटांत जंतू ओळखतात. साहेब ते बघायला राहिले नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

भारे आईनं पुरून टाकले. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती सकाळीच तयार झाली. मी विचारलं, विकायला आहे काय? ती म्हणाली, “काही नाही. पण नाही गेले तर लोक म्हणतील तोंड लपवलं.” रिकामी पाटी पुढ्यात ठेवून ती आपल्या जागेवर बसली. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मग ती मैत्रीण आली, पाटीत भात ओतला आणि शेजारी बसली.

“अगं, द्यायला माझ्याकडे काही नाही,” आई म्हणाली.

“सुकले की दे,” ती म्हणाली. “दोरीवरचे.”