शोभेचा चोक

वैशालीचा फोन आला तेव्हा मी तिच्या नवऱ्यावर, म्हणजे विनायकवर, चिडूनच बसलो होतो. आदल्या संध्याकाळी त्यानं बोलता बोलता माझा फोन मध्येच ठेवला होता आणि सकाळी दुकानाचं शटर वर करताना मी त्याला सुनवायची वाक्यं जुळवत होतो. तिकडून वैशाली म्हणाली, "भाऊजी, हे गेले..." मी विचारलं, "कुठं?" झोपेतच हृदय बंद पडलं होतं त्याचं. जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. आता काही आठवडे झाले, लोक म्हणतात गेलेल्या माणसावर राग धरू नये. मला ते जमलेलं नाही.

विनायक माझा साडू. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि देवळीत त्याचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज माझ्या हार्डवेअरच्या दुकानासमोरच. दिवसभर एकमेकांची तोंडं पाहायची आणि सणाला पुन्हा एकाच पंगतीत बसायचं. एवढा हेकट माणूस मी दुसरा पाहिला नाही. एरवी मला 'साडभाऊ' म्हणायचा, पण 'साहेब' म्हणाला की समजायचं, आता हा आपलं काहीएक ऐकणार नाही.

धरणावरच्या मच्छीमार सोसायटीकडे एक नाव आहे, मागे जुनी मशीन, म्हणजे पेट्रोलचं इंजिन, लटकवलेली. ती सांभाळतात किसनकाका. जाळ्यांची फेरी त्या मशीनवर चालायची, म्हणजे चालली तर चालायची. हल्लीचं पेट्रोल पाणी धरतं, मशीन आठवडाभर उभी राहिली की कार्बोरेटर चोंदतो. मग काकांचा फोन, मग विनायक धरणावर, पुन्हा जेट साफ. एका फेरीला मशीन भर पाण्यात बंद पडली आणि काकांना संध्याकाळपर्यंत वल्हं मारत यावं लागलं. त्या दिवशी विनायकनं ठरवलं, कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवायचं. मोटरसायकलला येतं तसंच, पेट्रोल मोजून फवारणारं, सेन्सर आणि छोट्या कॉम्प्युटरवर चालणारं. मी म्हटलं, नवा कार्बोरेटर टाक आणि मोकळा हो. तो म्हणाला, "साहेब, तुमी खिळे विका."

तरीही सोसायटीत त्याच्यासाठी शब्द टाकला तो मीच. मशीन गॅरेजमध्ये आली आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचे हाल सुरू झाले. भंगारातल्या गाडीचा पेट्रोलपंप आणला, तो टाकीत मावेना. सेन्सरची पट्टी बसवली, ती थरथरून वाकली. मशीन सुरू व्हायची, खोकायची, बंद पडायची. सगळा उन्हाळा मी तो आवाज ऐकला. सोसायटीवाले दुकानात येऊन मला विचारायचे आणि मी समोर बोट दाखवायचो.

शेवटी एकदाची चालली. पण काकांच्या हातात दिली की बंद! इंजेक्शनच्या मशीनला किल्ली फिरवून जरा थांबावं लागतं, पंपाला दाब धरू द्यावा लागतो. काका किल्ली फिरवायचे आणि लगेच सेल्फ मारायचे. त्याआधी न चुकता चोकचा खटका ओढायचे.

"काका, कितीदा सांगू, इंजेक्शनले चोक नसते!" विनायक ओरडायचा.

"मशीन थंडी हाय नं बाप्पा. चोक त घ्याच लागते."

चिडून त्यानं खटकाच काढून टाकला. तर काका त्या रिकाम्या भोकात बोट घालून उभे. "हे मशीन माही नाई राह्यली," एवढंच बोलले आणि लेकीकडे वडनेरला निघून गेले. विनायकनं मग खटका परत बसवला. म्हणाला, "शोभेचा हाय. ओढा म्हणा दिवसभर." पण त्याचं मन लागत नव्हतं, हे मला रस्त्याच्या अलीकडूनही दिसत होतं. त्याच आठवड्यात त्यानं मशीन नेऊन नावेला लावली. त्या शेवटच्या संध्याकाळी मी फोनवर विचारलं, झालं का रे तुझं? तर म्हणे, "झालं. पण काका आल्याशिवाय नाई सांगत." मी आवाज चढवला, त्यानं फोन ठेवला.

आणि गेला. तेरवीनंतर मी धरणावर जाऊन किल्ली फिरवली. सेल्फ फिरतो, मशीन सुरू होत नाही. पंपाचा आवाजच नाही. फ्यूज पाहिले, प्लग पाहिले. वर्ध्याहून एकाला नेलं, त्यानं लॅपटॉप जोडला, पण मशीनच्या कॉम्प्युटरकडून काही उत्तरच येईना. सोसायटीवाले म्हणाले, भाऊ, पुरे झालं, जुना कार्बोरेटर लावून द्या. मीही वैतागलो होतो. पण ते इंजेक्शन भंगारात गेलं की विनायकचं शेवटचं काम फुकट गेलं, असंच गाव म्हणणार होतं. वैशालीला ते ऐकावं लागणार होतं.

मी जुना कार्बोरेटर पिशवीत घालून गेलो. वडनेरहून काका आले होते. म्हणाले, "खोलाच्या आंधी मले एकदा हात लावू द्या." नावेत बसले, मशीनवरून हात फिरवला, आणि सवयीनं खटका ओढला.

आत पंप गुणगुणला.

काकांनी किल्ली फिरवली, सेल्फ मारला आणि मशीन सुरू झाली... एका झटक्यात, न खोकता. मी झाकण उघडून पाहिलं. खटक्यामागून एक वायर नव्यानं ओढली होती. खटका ओढला की पंपाला आणि कॉम्प्युटरला करंट. मग किल्लीपर्यंत हात जायला काकांना जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दाब तयार. एकदा मशीन चालली की खटका आत ढकलला तरी बिघडत नव्हतं.

"मी म्हटलं होतं नं," काका म्हणाले, "चोक त घ्याच लागते." आणि तोंड फिरवून पाण्याकडे पाहत बसले.

म्हणजे या माणसानं जन्मात एकदा कोणाचं तरी ऐकलं होतं, आणि तेच मला सांगितलं नाही! एक वाक्य, विनायक. फोन ठेवायच्या आधी एकच वाक्य बोलला असतास, तर मी तुझ्या शेवटच्या कामावर पाना घेऊन चालून गेलो नसतो.

परवा काकांनी मला नावेत बसवलं. म्हणाले, "तुमी चालू करा." मी थेट किल्लीला हात घातला. काकांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात खटक्यावर नेऊन ठेवला.