वरची गल्ली

कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या चार गावांचा पूर्वी आपापला तोरा असे. एकाच्या बंबाची नळी दुसऱ्याच्या नळाला बसायची नाही. अग्निशमन प्रमुख वेंडेल रकर्टनं घसा कोरडा करून सगळ्यांना पटवलं, की वणवा कुणाच्याही हद्दीत लागो, बंब सगळ्यांचे आणि हुकूम एकाचा.

त्या सप्टेंबरात वणवा त्याच्याच गावावर उतरला. चारही गावांचे बंब धावून आले, तरी सगळीकडे पुरणार नव्हते. हुकूम वेंडेलचा होता. त्यानं सगळे बंब शाळेकडच्या दाट वस्तीला लावले आणि विरळ घरांची वरची गल्ली सोडून दिली. त्याचं स्वतःचं घर त्याच गल्लीत होतं.

वस्ती वाचली. "स्वतःचं घरसुद्धा बघितलं नाही हो बाबानं!" लोक म्हणाले.

धग निवल्यावर त्याची शेजारीण, म्हातारी ऑर्फा, मेलेल्या नवऱ्याची अंगठी चाळण घेऊन आपल्या घराच्या राखेत शोधत बसली होती. वेंडेल मदतीला वाकला.

"माझंही गेलंच की गं, ऑर्फा."

तिनं मानही वर केली नाही.

"तुझं तू दिलंस. माझं कुणाला विचारून दिलंस?"